न वाचता दिलेला निकाल

सतराव्या शतकातील इंग्लंडचा इतिहास सांगणाऱ्या लोकप्रिय पुस्तकांत फलज्योतिष्यांची जागा ठरलेली असते. न्यूटन येण्यापूर्वी अंधार किती दाट होता हे दाखवण्यापुरते त्यांना दोन-चार ओळींत उभे केले जाते, आणि न्यूटन आला की त्यांना पानाबाहेर काढले जाते. या मताचा सारांश असा, की हे लोक भोंदू होते आणि त्यांची गिऱ्हाइके अडाणी होती. त्यांची वर्षाकाठी निघणारी छापील पुस्तके म्हणजे ग्रहणांची आणि ग्रहयुतींची भीती घालून पैसे उकळण्याचे साधन होते. भाकिते खोटी ठरत गेली तरी लोक शहाणे झाले नाहीत. आणि अखेर दुर्बीण व गुरुत्वाकर्षणाचा नियम आल्यावर हा सारा बाजार उठला. हे मत शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून विद्वानांच्या व्याख्यानापर्यंत सर्वत्र इतक्या सहजतेने फिरते, की त्यातील प्रत्येक कलम तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तपासले तर त्यातले एकही कलम धड उभे राहत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ग्रहांच्या स्थितीवरून माणसाचे किंवा राज्याचे भविष्य कळत नाही, हे येथे गृहीतच आहे आणि त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या छापील साहित्याने एका देशाच्या राजकारणात, वैद्यकात, शेतीत आणि गणितशिक्षणात शंभर वर्षे काम केले, त्याला ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात गुंडाळल्याने त्या देशाविषयी काही कळते का?

मराठी वाचकाला पंचांग म्हटले की तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे आठवतात. इंग्रजी पंचांगाची, म्हणजे तेथे ज्याला ‘अल्मनॅक’ म्हणत त्याची, घडण निराळी होती. छापील तावांच्या घड्या घालून शिवलेली ती खिशात मावणारी चोपडी असे आणि तिची किंमत साधारणपणे दोन पेन्स पडे. पहिल्या भागात बारा महिन्यांची दिनदर्शिका असे, तीत सण लाल शाईने छापलेले. चंद्राच्या कला, सूर्योदय-सूर्यास्त, भरती-ओहोटीच्या वेळा, न्यायालयांची सत्रे कधी भरतात त्याच्या तारखा, कोणत्या गावी कोणती जत्रा भरते त्याची यादी, लंडनहून निघणाऱ्या रस्त्यांवरील गावांची अंतरे आणि सृष्टीच्या आरंभापासून चालू वर्षापर्यंतची कालगणनाही असे. एका पानावर उघड्या माणसाचे चित्र असे. त्याच्या डोक्यापाशी मेष आणि पावलांपाशी मीन, अशा बारा राशी अवयवांना जोडलेल्या असत, कारण चंद्र ज्या राशीत असेल त्या राशीच्या अवयवातून रक्त काढू नये असा त्या काळच्या वैद्यकाचा दंडक होता. दुसऱ्या भागात त्या वर्षाची भाकिते येत: हवामान, पीक, रोगराई आणि राजकारण. पुष्कळ प्रतींत मध्ये मध्ये कोरी पाने शिवलेली असत आणि मालक त्यांवर उधारी, पेरणी, जनावरांची वीण, घरातील जन्म-मृत्यू लिहून ठेवी. ज्या वस्तूत दिनदर्शिका, वेळापत्रक, वैद्यकाची खूणपत्रिका, रोजनिशी आणि राजकीय भाष्य एकत्र बांधलेले आहे, तिला केवळ भविष्याचे पुस्तक म्हणणे म्हणजे ती उघडली नसल्याचे कबूल करणे होय.

आता अडाणीपणाच्या आरोपाकडे वळावे. १६०३ मध्ये पहिल्या जेम्स राजाने पंचांगे छापण्याचा एकाधिकार लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला, म्हणजे मुद्रक-ग्रंथविक्रेत्यांच्या संघाला, दिला आणि पुढे या एकाधिकारातून संघाला मोठे उत्पन्न मिळत राहिले. १६६० च्या दशकात पंचांगांचा वार्षिक खप चार लाख प्रतींच्या घरात गेला होता. इंग्लंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे पन्नास लाख होती; म्हणजे तीन कुटुंबांमागे जवळजवळ एक प्रत पोहोचत होती. हे सारे गिऱ्हाईक अडाणी होते असे म्हणायचे, तर अडाण्यांनी चार लाख छापील पुस्तके विकत घेतली असे म्हणावे लागेल. जेथे पुरुषांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा स्वतःची सही करू शके, तेथे ही चोपडी कित्येक घरांत बायबलखेरीजचे एकमेव छापील पुस्तक होती आणि अनेकांना अक्षर व अंक यांची सवय तिच्यातूनच लागली. शिवाय घेणारे केवळ शेतकरी आणि मोलकरणी होते काय? इलायस अ‍ॅशमोल, ज्याच्या संग्रहातून ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय उभे राहिले आणि जो रॉयल सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक होता, तो आयुष्यभर फलज्योतिषाचा अभ्यासक राहिला. १६४७ पासून लंडनच्या ज्योतिष्यांचे जे वार्षिक भोजनसमारंभ होत, त्यांत तो बसत असे. ही माणसे कमी बुद्धीची होती असे ज्याला वाटते, त्याने त्या काळच्या विद्यापीठांत शिकवले जाणारे वैद्यक काय होते तेही पाहावे. पदवीधर वैद्यही राशी पाहूनच शीर उघडत होते.

भोंदूपणाच्या आरोपाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रातच आहे. विल्यम लिली हा लिस्टरशायरमधील डाइझवर्थ या खेड्यातील कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा मुलगा. १६२० मध्ये तो लंडनला आला आणि लिहिता न येणाऱ्या एका धन्याच्या घरी नोकर राहिला. टेम्स नदीवरून पाणी भरून आणणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. पुढे तो ज्योतिष शिकला, आणि भरभराटीच्या काळात वर्षाला दोन हजारांच्या आसपास माणसे त्याच्याकडे प्रश्न घेऊन येत. हरवलेले जहाज, पळालेला नोकर, रुसलेला नवरा, लढाईवर गेलेला मुलगा, असे ते प्रश्न असत. माणूस ज्या क्षणी प्रश्न विचारतो त्या क्षणाची कुंडली मांडून उत्तर देण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे प्रश्नज्योतिष म्हणतात. आता भोंदू माणूस आपली विद्या झाकून ठेवतो, कारण ती उघडी पडली की त्याचे दुकान बसते. लिलीने काय केले? १६४७ मध्ये त्याने ‘ख्रिश्चन अ‍ॅस्ट्रॉलॉजी’ हा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हे, तर इंग्रजीत छापला आणि कुंडली कशी मांडावी, कोणत्या प्रश्नाला कोणता ग्रह पाहावा, हे सारे नोकरालाही समजेल अशा भाषेत उघड करून टाकले. ज्या विद्येवर त्याचे पोट चालत होते, तिचे पाठ्यपुस्तक त्याने बाजारात मांडले. यात चूक असेल, पण लबाडी कोठे आहे?

त्या ग्रंथातील एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १६३८ च्या फेब्रुवारीत लिलीने ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांसाठी लंडनहून मासे विकत घेतले होते आणि ते नावेने वॉल्टन या टेम्सकाठच्या गावी यायचे होते. त्याच्या घरी मासे पोहोचलेच नाहीत; नावाड्याने येऊन सांगितले, की रात्री वखार फोडली गेली आणि माल गेला. लिलीने त्या घटकेची कुंडली मांडली, तीत जलराशींचे बळ पाहून चोर टेम्सवर राहणारा कोळी असावा असा तर्क केला आणि मग परिसरात चौकशी केली. संशय एकावर येताच त्याने न्यायाधीशाकडून झडतीचा हुकूम मिळवला आणि शिपायाला घेऊन तो त्या घरी गेला. काही मासे खाऊन झाले होते, काही शिल्लक सापडले. आणि त्याच मालातले सात पोर्तुगीज कांदे घरच्या बाईने ते काय आहेत हे न कळून रश्शात घालून शिजवले होते. उरलेले मासे लिलीने त्यांनाच सोडून दिले. या प्रसंगात कुंडली आहे, पण तिच्यासोबत चौकशी आहे, हुकूम आहे, शिपाई आहे, आणि शेजारपाजारची माहिती असणारा एक चलाख माणूस आहे. लंडनच्या रस्त्यावर पोलीस खाते नव्हते, चोरीचा विमा नव्हता, टपाल धड पोहोचत नव्हते. अशा काळात गरजू माणूस अर्धा क्राउन देऊन ज्याच्याकडे जाई, तो त्याची तक्रार ऐकून घेणारा आणि पुढचे पाऊल सुचवणारा माणूस होता. १६५५ च्या सुमारास चोरीचा माल शोधून देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप लिलीवर ठेवला गेला, तेव्हा ज्युरीने त्याला निर्दोष सोडले.

खरा गैरसमज आहे तो भाकितांबद्दल. भाकिते चुकली हे दाखवून देणे सोपे आहे, आणि या मताचे पुरस्कर्ते तेवढ्यावर थांबतात. परंतु त्या भाकितांचे काम काय होते? १६४१ मध्ये स्टार चेंबर हे राजाचे खास न्यायालय बरखास्त झाले आणि त्याच्यासोबत छपाईवरील जुना धाक ढिला पडला; पुढल्या वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. राज्याच्या भवितव्याची भाकिते सांगणारी ज्योतिषशाखा, जिला आपण मेदिनीय ज्योतिष म्हणतो, ती एकाएकी राजकीय वादाची भाषा झाली. लिलीचे पहिले पंचांग ‘मर्लिनस अँग्लिकस ज्युनिअर’ १६४४ मध्ये निघाले आणि पहिली आवृत्ती आठवड्याच्या आत खपली. पुढल्या पाच वर्षांत त्याच्या पंचांगाचा खप तीस हजारांच्या जवळ गेला. तो पार्लमेंटच्या बाजूचा होता, आणि राजाच्या बाजूने जॉर्ज व्हार्टन हा ज्योतिषी त्याच आकाशातून उलटे निष्कर्ष काढून छापत होता. १६४५ च्या जूनमध्ये लढाई झाली तर विजय आपला असे लिलीने लिहिले, आणि १४ जूनला नेझ्बी येथे राजाचा पराभव झाला. त्याच दिवशी लिलीची आणखी एक पुस्तिका विक्रीला आली. १६४८ मध्ये कोल्चेस्टरच्या वेढ्यात लिली आणि जॉन बुकर या ज्योतिष्यांना पार्लमेंटच्या सैनिकांना धीर देण्यासाठी बोलावून घेण्यात आले. त्याच वेळी तटाच्या आत दुसरा एक ज्योतिषी मदत येतेच आहे असे राजपक्षाच्या सेनापतीला सांगत होता. दोन्ही बाजूंना ग्रह एकच होते. वाचकांना हे कळत नव्हते काय? ते पंचांग वाचत होते ते आपली बाजू काय म्हणते आणि विरुद्ध बाजू काय म्हणते हे जाणण्यासाठी, जसे पुढच्या शतकांत लोक वर्तमानपत्र वाचू लागले.

याचा सर्वांत ठळक पुरावा १६५२ चा आहे. पुढल्या वर्षाच्या पंचांगात लिलीने लिहिले, की पार्लमेंटचा पाया डळमळीत आहे आणि सामान्य जनता व सैन्य मिळून त्याच्याविरुद्ध उठतील. त्याला पार्लमेंटच्या समितीपुढे बोलावण्यात आले. आधीच सूचना मिळाल्यामुळे त्याने आक्षेपार्ह मजकूर बदलून सहा प्रती घाईने पुन्हा छापून घेतल्या आणि समितीपुढे त्याच ठेवून सांगितले, की दुसऱ्या प्रती शत्रूंनी बनावट छापल्या आहेत. तेरा दिवस कैदेत राहून तो सुटला. पुढच्याच एप्रिलमध्ये सेनापती क्रॉमवेलने सैनिक आणून ते पार्लमेंट बरखास्त केले. यात ग्रहांचे सामर्थ्य काहीच नव्हते. सैन्यात आणि बाजारात काय बोलले जाते ते लिलीला माहीत होते, आणि ज्या काळात असे लिहिणाऱ्याला तुरुंग ठरलेला, त्या काळात ते शनी-मंगळाच्या तोंडून बोलणे हाच मार्ग होता. देशाचे कायदेमंडळ ज्या चोपडीला इतके घाबरले, तिला पुढचे इतिहासकार वेड्यांचा पसारा म्हणतात. त्यांच्यापेक्षा त्या समितीला तिची किंमत अधिक कळली होती.

एक गोष्ट मान्य करावी लागते. २९ मार्च १६५२ च्या सूर्यग्रहणाआधी छापखान्यांनी जी धास्ती पसरवली, तीत ज्योतिष्यांचा वाटा मोठा होता. त्या दिवसाला ‘काळा सोमवार’ असे नाव पडले, धनिकांनी शहर सोडले, कामे बंद राहिली, आणि प्रत्यक्षात पुरेसा अंधारही झाला नाही. लिली आणि निकोलस कल्पेपर या दोघांनीही त्या ग्रहणावर पुस्तके लिहिली होती. पण त्या पुस्तकांत राजेशाहीच्या पतनाविषयी जे लिहिले होते, ते वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तीनच वर्षांपूर्वी कापलेले राजाचे डोके होते. ती भीती आकाशातून आली नव्हती.

कल्पेपरचे नाव आले तेव्हा नफेखोरीचा आरोपही येथेच निकाली काढावा. लंडनमध्ये वैद्यकीचा अधिकार फक्त कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेच्या सभासदांना होता आणि औषधांची त्यांची अधिकृत यादी लॅटिनमध्ये होती. पार्लमेंटच्या बाजूने लढताना जखमी झालेल्या आणि स्पिटलफील्ड्स या गरीब वस्तीत रुग्ण तपासणाऱ्या कल्पेपरने १६४९ मध्ये ती यादी इंग्रजीत आणून छापली. १६५२ मध्ये त्याने परसातल्या आणि बांधावरच्या वनस्पती, त्यांचे गुण आणि प्रत्येकीचा स्वामी ग्रह सांगणारे पुस्तक स्वस्तात काढले. ते पुस्तक आजही छापले जाते. महागड्या वैद्याच्या दारी न जाता बाईमाणसाला घरच्या घरी काढा करता यावा, म्हणून धंद्याचे गुपित फोडणाऱ्या या माणसाला पैसेखाऊंच्या यादीत बसवण्यास कोणता आधार आहे? १६५८ मध्ये सारा जिनर या स्त्रीने स्वतःच्या नावाने पंचांग काढून स्त्रियांच्या विद्याधिकाराची बाजू मांडली. इतर विद्यांची दारे स्त्रियांना बंद होती. पंचांगाचे दार मात्र उघडे होते. त्याच दशकात जमीन सर्वांची मानणाऱ्या जेरार्ड विन्स्टन्लीने आपल्या आदर्श राज्यात शिकवायच्या विषयांत ज्योतिषाचा समावेश केला, यामागेही हीच लोकसुलभता होती.

विज्ञानाने ज्योतिषाला मारले ही कथा सर्वांत अधिक पसरलेली आहे आणि तीच सर्वांत कमी खरी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत इंग्लंडच्या खेडोपाडी कोणी नेले? ग्रंथालयांतील लॅटिन ग्रंथांनी नव्हे, तर रटलंड परगण्यातला भूमापक व्हिन्सेंट विंग याच्यासारख्यांच्या पंचांगांनी. विंग हा फलज्योतिषी होता आणि खगोलगणिताचे मोठे ग्रंथही त्यानेच लिहिले. त्याच्या दृष्टीने ही दोन कामे एकाच विद्येची दोन टोके होती. जेरेमी शेकरली हा दुसरा पंचांगकर्ता, आश्रयासाठी लिलीशी पत्रव्यवहार करणारा. त्याने गणित करून ठरवले, की १६५१ मध्ये बुध सूर्यबिंबावरून जाईल तेव्हा इंग्लंडमध्ये रात्र असेल. त्या अधिक्रमणाच्या वेळी तो हिंदुस्थानात होता, आणि ज्या सुरतेवर पुढे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वारी केली त्या सुरतेतून त्याने ते दुर्बिणीने पाहिले. नोंद असलेले बुधाचे ते दुसरे अधिक्रमण. दुर्बिणीने ज्योतिष संपवले असे म्हणणाऱ्यांनी सुरतेत ती दुर्बीण कोणाच्या हाती होती हे सांगावे. राजाचा खगोलज्ञ जॉन फ्लॅमस्टीड याचा फलज्योतिषावर विश्वास नव्हता, तरी १० ऑगस्ट १६७५ ला ग्रिनिच वेधशाळेची पायाभरणी झाली तेव्हा त्या घटकेची कुंडली त्यानेच मांडून ठेवली. तिच्यावर त्याने हसू आवरण्याची लॅटिन सूचनाही लिहिली, पण कुंडली मांडता येणे हा त्याच्या शिक्षणाचा भाग होता.

मग ज्योतिष्यांना सार्वजनिक जीवनातून घालवले कोणी? १६६० मध्ये राजेशाही परतली आणि १६६३ मध्ये रॉजर लेस्ट्रेंज हा छपाईचा निरीक्षक झाला. पंचांगांतील राजकीय मजकूर कात्री लावून काढला जाऊ लागला. यादवीच्या वीस वर्षांत जे जे खालच्या थरांतून वर आले होते, ते ते सुशिक्षितांना धोकादायक वाटू लागले, आणि खेडुतांना राजेशाहीच्या पतनाची गोष्ट सांगणारी विद्या त्यात प्रथम आली. १७०८ मध्ये जोनाथन स्विफ्टने टोपणनावाने जॉन पार्ट्रिज या ज्योतिष्याच्या मृत्यूचे भाकीत छापले आणि मग तो मेल्याचेही जाहीर केले, याचे कौतुक विवेकवादाचा विजय म्हणून होते. पण पार्ट्रिज हा दुसऱ्या जेम्स राजाच्या भयाने हॉलंडला पळालेला, व्हिग पक्षाचा कडवा माणूस होता, चर्चवर तुटून पडत होता, आणि स्विफ्ट हा चर्चचा पाद्री होता. त्या हल्ल्यात दुर्बीण नव्हती, गणित नव्हते; चर्चवरून आलेले वैर होते. आणि न्यूटनचा ग्रंथ १६८७ मध्ये येऊन गेल्यानंतरही फ्रान्सिस मूरच्या नावाचे भाकितांचे पंचांग १७६८ मध्ये एका वर्षात एक लाखाहून अधिक खपले. जी विद्या विज्ञानाने मारली, तिचा खप तिच्या मृत्यूनंतर वाढत कसा गेला? सुशिक्षितांनी ती वाचणे सोडले इतकेच घडले, आणि त्यांनीच इतिहास लिहिला, म्हणून ती मेल्याची नोंद झाली.

१६५१ मध्ये लिलीने काही कोड्यासारखी चित्रे छापली होती, त्यांत एकात कफनातली प्रेते आणि दुसऱ्यात जळते शहर होते. १६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळाले आणि २५ ऑक्टोबरला पार्लमेंटच्या समितीने त्याला पुन्हा बोलावले. आग कोणी लावली हे त्याला माहीत असावे असा संशय होता. त्याने सांगितले, की नेमके वर्ष आपल्याला ठाऊक नव्हते, आणि समितीने त्याला आदराने जाऊ दिले. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. राजा बदलला होता, पार्लमेंट बदलले होते, लेस्ट्रेंजची कात्री चालू होती. तरीही राजधानी राखेत असताना ज्याला बोलावून प्रश्न विचारावे असे सत्ताधाऱ्यांना वाटले, तो दोन पेन्सच्या चोपडीचा लेखक होता, आणि बावीस वर्षे देशाने काय वाचले ते त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.